संगणकाच्या अरण्यांतील ऊन

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयांतील चार-पांच विद्यार्थ्यांनीं संगणकाच्या साहाय्यानें तीन मिनिटांचें एक चलच्चित्र तयार केलें आणि तें पाहण्यास आम्हांस बोलाविलें. विषय अगदीं साधा होता. पहांटेची वेळ, नदीचा कांठ, कांठावरील आमराई, आणि कळशी घेऊन पाण्यास निघालेली एक मुलगी. झाडें मोठ्या मेहनतीनें घडविलेलीं होतीं. आंब्याच्या पानाची शीर न् शीर दिसत होती. सूर्य योग्य दिशेस होता, सावल्याही जेथल्या तेथें पडल्या होत्या. असें असूनही ती आमराई एखाद्या दुकानाच्या कांचेच्या कपाटांत मांडून ठेविल्यासारखी वाटत होती. तींत सर्व कांहीं होतें. सकाळ मात्र नव्हती. आम्हीं भीत भीत तसें बोलून दाखविलें, तेव्हां त्यांच्यापैकीं एकजण थोडासा रागावूनच म्हणाला, "सर, सूर्य तर लावला आहे. आणखी काय लावायचें?"

त्याच्या रागास कारण होतें. चित्रांतील ती मुलगी म्हणजे त्याची आजी. तिच्या लहानपणची नदी धरणाच्या पाण्याखालीं गेली. त्या आमराईचें छायाचित्रही कोणापाशीं नाहीं. आजीचें वय झालेलें. तिला तिची पहांट एकदां दाखवावी म्हणून हा सारा खटाटोप. आणि आजीनें चित्र पाहून एवढेंच म्हटलें होतें, "छान आहे रे, पण ही आमची नदी नव्हे."

त्या मुलास आम्हांला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. आमचा विषय इतिहास. संगणकशास्त्राशीं आमची ओळख बेताचीच. परंतु प्रश्न डोक्यांतून जाईना. तेव्हां इतिहासाच्या माणसानें जें करावयाचें तेंच आम्हीं केलें. सूर्य "लावण्याची" ही विद्या कोठून आली, ती कोणीं कोणीं घडविली, आणि प्रत्येक पिढीस आपल्या आधींच्यांच्या उजेडांत काय उणें वाटलें, याचा माग काढला. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. विद्या जेमतेम अर्ध्या शतकाची आहे. परंतु तिचीं मुळें अडीचशें वर्षांहून खोल गेलेलीं आहेत.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. छायाचित्रकारास प्रकाश आयता मिळतो. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याचा अंकुर उगवून वाढतांना पडद्यावर दाखविला, किंवा पुढें कांहीं वर्षांनीं साध्या आगकाड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' तयार केली, तेव्हां उजेडानें कसें वागावें हें त्यांस कोणाला शिकवावें लागलें नव्हतें. काड्यांची हालचाल कृत्रिम होती. काड्यांवर पडलेला उजेड खरा होता. संगणकाच्या पोटांतील जग मात्र मुळांतच काळोखी आहे. तेथें झाड म्हणजे आंकड्यांची एक यादी. त्या झाडाच्या प्रत्येक पानावरील प्रत्येक ठिपक्यास विचारावें लागतें कीं, तुझ्यावर किती प्रकाश पडला, त्यांतला किती तूं गिळलास, आणि उरलेल्यांपैकीं किती आमच्या डोळ्याकडे धाडलास. हा हिशेब ज्यानें मांडला त्याच्यापुरताच तेथें दिवस उगवतो.

या हिशेबाचें पहिलें कलम संगणकाच्या जन्मापूर्वीं जवळजवळ दोनशें वर्षें लिहून ठेवलेलें होतें. योहान हाइनरिख लांबर्ट हा म्यूलहाउस येथील एका शिंप्याचा मुलगा. घरच्या गरिबीमुळें बाराव्या वर्षींच त्याची शाळा सुटली आणि तो बापाच्या दुकानांत बसूं लागला. विद्या त्यानें आपली आपणच मिळविली. इ. स. १७६० मध्यें त्यानें 'फोटोमेट्रिया' हा प्रकाशमापनावरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक नियम असा कीं, किरण पृष्ठभागावर जितके तिरपे पडावेत तितका उजेड विरळ होत जातो, आणि हें विरळ होणें त्या कोनाच्या कोज्येच्या प्रमाणांत असतें. डोक्यावरचें ऊन अंगणावर पूर्ण पडतें. तेंच लंबापासून साठ अंश कललें कीं निम्म्यावर येतें. भिंतीची एक बाजू उजळ व दुसरी मंद कां दिसते, याचें हें सर्वांत सोपें उत्तर होय.

हें उत्तर संगणकाच्या कामीं लागलें तें अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत. डेव्हिड इव्हान्स व आयव्हन सदरलंड या दोघांच्या भोंवतीं १९७० च्या आगेंमागें तेथें विद्यार्थ्यांचा असा एक मेळा जमला होता कीं, या विद्येच्या इतिहासांत त्यास गुरुकुलच म्हटलें पाहिजे. त्यांतील हेन्री गुरो या फ्रेंच विद्यार्थ्यानें १९७१ सालीं आपल्या पत्नीच्या चेहऱ्याचे लहान लहान बहुकोनी तुकडे पाडून, त्या तुकड्यांच्या कडा न दिसतां उजेड एकांतून दुसऱ्यांत कसा मिसळावा याची रीत बसविली. पुढल्याच वर्षीं एडविन कॅटमल व फ्रेड पार्क या दोन विद्यार्थ्यांनीं माणसाच्या हाताचें सुमारें एक मिनिटाचें चलच्चित्र केलें. कॅटमलनें स्वतःच्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा घेतला, त्यावर शाईनें साडेतीनशेंच्या आसपास त्रिकोण व बहुकोन आंखले, आणि त्यांच्या टोकांचीं मापें एकेक करून यंत्रांत भरलीं. विद्यार्थ्यांचें तें चित्र २०११ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदींत समाविष्ट झालें. चलच्चित्र करणाऱ्या आमच्या मुलांचें गोत्र असें थेट तेथवर जाऊन पोंचतें.

त्याच गुरुकुलांतील तिसरें नांव बुइ तुओंग फोंग याचें. हा व्हिएतनामी तरुण १९७३ सालीं तेथें डॉक्टर झाला आणि १९७५ सालीं, ज्या वर्षीं त्याचा प्रसिद्ध लेख छापून आला त्याच वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें वारला. त्याचें वय तेव्हां अवघें बत्तीस-तेहतीस. सफरचंदावर किंवा घांसलेल्या तांब्यावर जी प्रकाशाची लहानशी चकाकी दिसते ती कशी काढावी, हें त्यानें सांगितलें. त्याच्या रीतींत उजेडाचे तीन भाग आहेत. एक लांबर्टच्या नियमानें पसरलेला, दुसरा चकाकीचा, आणि तिसरा एक ठराविक आंकडा, जो सर्व ठिकाणीं सारखाच मिळवावयाचा. हा तिसरा भाग कशासाठीं? कारण तो नसेल तर सावल्या डांबरासारख्या काळ्या होतात. खऱ्या जगांत सावली काळी नसते; आकाश, भूमि, भिंत, पानें, सर्वांकडून थोडा थोडा उजेड तिच्यांत झिरपत असतो. तो सारा मोजण्याचें बळ त्या काळच्या यंत्रांत नव्हतें. म्हणून त्या सर्वांच्या वतीनें एक आंकडा ठेवून दिला. व्यवहाराच्या दृष्टीनें ही तडजोड शहाणपणाची होती. परंतु पुढील सगळा इतिहास म्हणजे या एका आंकड्याची फेड आहे, असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं.

येथवर चेहरे, हात, चहाच्या किटल्या यांचें राज्य होतें. रानावनाची पाळी आली ती १९८० सालीं. विमानें बांधणाऱ्या बोइंग कंपनींत काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटरनें त्या वर्षीं 'व्होल लिब्र' नांवाचें दोन मिनिटांचें चलच्चित्र तज्ज्ञांच्या परिषदेंत दाखविलें. बेनवा मांडेलब्रोच्या गणितावरून एक सुचलेली युक्ति त्यानें वापरली होती. त्रिकोणाचे लहान त्रिकोण पाडावे, प्रत्येक वेळीं टोकें किंचित् वेडींवांकडीं हालवावीं, आणि हेंच पुन्हां पुन्हां करावें. पाहतां पाहतां डोंगर उभा राहतो. प्रेक्षकांत लुकासफिल्मची मंडळी होती. त्यांनीं कार्पेंटरला आपल्याकडे बोलावून घेतलें.

डोंगरानंतर अरण्य. याच मंडळींनीं १९८४ सालीं 'द ॲडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.' हें दोन मिनिटांहूनही लहान चित्र तयार केलें. त्यांतील वन विल्यम रीव्ह्ज यानें केलें. एवढ्या असंख्य पानांपैकीं प्रत्येकावर सूर्य पोंचतो कीं नाहीं हें तपासणें अशक्य होतें. रीव्ह्जनें मग संभवाचा आश्रय घेतला. पान झाडाच्या घेरांत सूर्याच्या बाजूनें जितकें आंत असेल तितकें तें मंद. शेजारचें झाड उंच असेल तर त्याच्या शेंड्यावरून सूर्याच्या कोनांत एक कल्पित उतार धरावा, त्या उतारावरील पानांस ऊन, खालच्यांस सावली. मधून मधून कांहीं पानांस नाणें फेंकून ठरवावें तशी चकाकी द्यावी. एकाही किरणाचा खरा प्रवास यांत नाहीं, तरी तें वन पाहणाऱ्यास पटलें. झाडाखालीं उभें राहून ज्यानें वर पाहिलें आहे त्याची ही युक्ति आहे, हें वाचतांच कळतें.

त्या चित्राविषयीं कॅटमलनें पुढें सांगितलेली एक हकीकत मनोरंजक आहे. परिषदेच्या दिवसापर्यंत चित्र पुरें झालेंच नाहीं. कांहीं क्षणांचा भाग नुसत्या रेषांच्या सांगाड्यांतच दाखवावा लागला. करणारे लाजेनें अर्धमेले झाले होते. परंतु खेळानंतर प्रेक्षकांशीं बोलतां असें आढळलें कीं, बहुतेकांच्या तें ध्यानांतच आलें नव्हतें; ते गोष्टींत गुंतले होते. उजेडाच्या पाठीस लागलेल्यांनीं ही हकीकत विसरूं नये.

आतां त्या ठराविक आंकड्याकडे वळूं. त्याच १९८० सालीं बेल प्रयोगशाळेंतील टर्नर व्हिटेड यानें डोळ्यापासून उलट दिशेनें किरण सोडण्याची रीत पुढें मांडली. किरण वस्तूस लागला कीं तेथून सूर्याकडे, आरशांत, कांचेपार असे त्याचे फांटे काढावयाचे. न्यायदर्शनांत डोळ्यांतून तेजाचे किरण बाहेर पडून वस्तूस भिडतात असें मानलें आहे, आणि भौतिकशास्त्र शिकणारा पदवीधर त्यास हंसतो. पण संगणकास हीच वाट सोयीची पडली, कारण सूर्यापासून निघालेले बहुतेक किरण आपल्या डोळ्यापर्यंत पोंचतच नाहींत. त्यांचा हिशेब करणें म्हणजे नुसता खर्च. व्हिटेडच्या कांचगोलांच्या प्रसिद्ध चित्रास त्या काळच्या व्हॅक्स यंत्रावर ७४ मिनिटें लागलीं. आरसे व कांचा त्यांत अद्भुत दिसतात. परंतु मातीच्या भिंतीवरून मऊपणें परतणारा उजेड त्यांतही नव्हता.

तो आला भट्ट्यांच्या शास्त्रांतून. तापलेल्या भट्टींत एक भिंत दुसरीस किती उष्णता देते, याचीं समीकरणें यंत्रविद्येच्या पुस्तकांत पूर्वींपासून होतीं. कॉर्नेल विद्यापीठांतील गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग व बॅटेल या चौघांनीं १९८४ सालीं तींच समीकरणें उजेडास लावलीं. एका पेटीच्या आकाराच्या खोलींत त्यांनीं दाखवून दिलें कीं, रंगीत भिंतीच्या शेजारची पांढरी भिंत किंचित् त्या रंगाची होते. आपल्याकडे हें कोणास नवें नाहीं. तांबड्या लुगड्याच्या पदराशीं निजलेल्या मुलाच्या गालावर तांबूस छाया येते, आणि आंब्याच्या दाट सावलींत बसलेल्याचा पांढरा सदरा हिरवट दिसतो. डोळ्यानें हें नित्य पाहिलें होतें. यंत्रास मात्र तें प्रथमच सांगितलें गेलें.

दोनच वर्षांनीं, १९८६ सालीं, जेम्स काजिया यानें हे सगळे प्रयत्न एका समीकरणांत गोंवले. कोणत्याही ठिकाणाहून निघणारा प्रकाश म्हणजे त्या ठिकाणाचा स्वतःचा प्रकाश, अधिक सर्व दिशांनीं येऊन तेथून परतलेला प्रकाश. ऐकण्यास किती सोपें! परंतु जो येतो तोही दुसऱ्या कोठून तरी परतूनच आलेला असतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणाचें उत्तर इतर सर्वांच्या उत्तरांत अडकलेलें. ही गांठ सोडविण्यास काजियानें जुगाराच्या गांवाचें नांव असलेली मॉन्टे कार्लो पद्धति घेतली. स्तानिस्लाव उलाम हा गणिती १९४६ सालीं आजारांतून उठत असतां एकट्यानेंच पत्त्यांचा डाव मांडीत बसे. डाव लागण्याचा संभव गणितानें काढण्यापेक्षां शंभर डाव खेळून पाहणें सोपें, या विचारांतून ती निघाली, आणि प्रथम अणुबाँबच्या प्रयोगशाळेंत न्यूट्रॉनांच्या भ्रमणास लागू झाली. तसेच येथें किरण कोठेंही भटकूं द्यावे, हजारों भटक्यांची सरासरी घ्यावी, आणि तिला सत्य मानावें. सरासरी पुरी झाली नाहीं तर चित्रावर वाळू फेंकल्यासारखे कण दिसतात, आणि ते कण निम्मे करावयाचे तर किरण चौपट सोडावे लागतात. धुकें व ढग यांतून जाणाऱ्या उजेडासाठीं या शास्त्रज्ञांनीं आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या १९५० सालच्या 'रेडिएटिव्ह ट्रान्सफर' या ग्रंथाचा आधार घेतला. ताऱ्यांच्या वातावरणासाठीं लिहिलेला तो ग्रंथ अशा रीतीनें चित्रांतल्या धुक्याच्या कामीं आला.

भिंती झाल्या, आकाश राहिलें. उघड्या रानांतील सावलींत जो उजेड असतो तो मुख्यतः आकाशाचा. १९८६ सालींच जपानांतील निशिता व नाकामाए यांनीं सबंध आकाश हाच एक दिवा मानून चित्रें काढलीं. आकाशाचा रंग कां निळा याचें उत्तर लॉर्ड रॅले यानें १८७१ सालींच देऊन ठेविलें होतें. हवेचे सूक्ष्म कण आंखूड लहरींचा प्रकाश फार अधिक उधळतात. जांभळ्या टोंकाचा प्रकाश तांबड्या टोंकाच्या नऊपटींहून थोडा अधिकच उधळला जातो. जांभळा सूर्यप्रकाशांतच कमी आणि आपल्या डोळ्यासही मंद, म्हणून आकाश निळें. यूटामधूनच १९९९ सालीं प्रीतम, शर्ली व स्मिट्स यांनीं सूर्याची उंची व हवेचा गढूळपणा सांगितला कीं आकाशाचा रंग देणारीं सुटसुटीत सूत्रें प्रसिद्ध केलीं. २०१२ सालीं प्राग येथील होशेक व विल्की यांनीं तीं अधिक नेमकीं केलीं. आज विद्यार्थी एक कळ सरकवून सूर्य वर-खालीं करतो, तेव्हां बहुधा अशाच एखाद्या सूत्राशीं खेळत असतो.

याच सुमारास पॉल डेबेव्हेक यानें निराळाच मार्ग काढला. आकाशाचें गणित करण्याऐवजीं खरा उजेडच उचलून आणावा! बर्कले विद्यापीठाच्या आवारांत निलगिरीचीं उंच झाडें आहेत. त्यांत आरशासारखा गोळा ठेवून त्यानें छायाचित्रें घेतलीं. गोळ्यांत चहूंकडचा प्रकाश एकवटलेला होता. अडचण होती ती उजेडाच्या आवाक्याची. भर दुपारचें ऊन एक लाख लक्सच्या आसपास, तर पौर्णिमेचें चांदणें पाव लक्सही जेमतेम; एका छायाचित्रांत एवढी तफावत मावत नाहीं. जितेंद्र मलिक या आपल्याकडून तिकडे गेलेल्या प्राध्यापकासह त्यानें १९९७ सालीं यावर तोड काढली होती. एकाच दृश्याचीं कमीअधिक वेळ उघडझांप केलेलीं अनेक छायाचित्रें एकत्र जुळवून खरीं मापें काढावयाचीं. १९९८ सालीं त्यानें दाखविलेल्या लहानशा चित्रांत केवळ कल्पित गोळे एका चौथऱ्यावर ठेवलेले आहेत. परंतु त्यांवर पडलेला उजेड त्या निलगिरीच्या झाडींतला आहे, आणि म्हणून ते हातांत घ्यावेसे वाटतात.

मोठ्या चित्रसंस्थांनीं ही विद्या सावकाशच स्वीकारली. १९९५ सालच्या 'टॉय स्टोरी'मध्यें परतलेल्या उजेडाचा हिशेब नाहीं. तो जेथें हवा तेथें कारागिरांनीं लहान लहान खोटे दिवे हातानें मांडले. पिक्सार संस्थेनें अशा दिव्यांची जागा खऱ्या परतलेल्या प्रकाशास दिली ती बऱ्याच अंशीं २०१३ सालच्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'पासून. दुसरीकडे, ब्लेंडर नांवाची चित्रसाधनांची प्रणाली २००२ सालीं सात आठवड्यांत लोकांकडून एक लाख युरो वर्गणी जमवून सर्वांस मोफत खुली करण्यांत आली, आणि २०११ पासून तींत काजियाच्या मार्गानें जाणारें यंत्रही आलें. अशा रीतीनें एके काळीं विद्यापीठांच्या महायंत्रांस न पेलणारें काम आमच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतील टेबलावर येऊन बसलें.

मग त्यांची आमराई निर्जीव कां? यंत्र अपुरें होतें असें म्हणतां येत नाहीं. हा इतिहास वाचून आमचा कयास असा झाला कीं, मुलांनीं यंत्रास पुष्कळ सांगितलें, पण त्या वेळेविषयीं स्वतः कांहींच विचारलें नाहीं. याचे दोन दाखले आहेत. १९४२ सालच्या 'बँबी'मध्यें प्रथम चित्रकार पान न् पान काढीत होते, आणि त्यांत हरणें हरवून जात होतीं. टायरस वाँग या चिनी वंशाच्या चित्रकारानें सुंग काळांतील चित्रांची आठवण ठेवून अरण्याचा मधला भाग तेवढा स्पष्ट केला व कडा धुक्यांत विरघळविल्या. तेव्हां अरण्य दिसूं लागलें. दुसरा दाखला अगदीं अलीकडचा. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसचें २०२४ सालचें 'फ्लो' हें चित्र याच मोफत प्रणालींत झालें, आणि तेंही अचूक किरणमार्ग न वापरतां तींतील जलद, ढोबळ रीतीनें. तरी त्यांतील पाणी व ऊन मनांत राहतें, आणि २०२५ सालीं त्यास ऑस्करही मिळालें. ढोबळ साधन व सूक्ष्म दृष्टि यांचें जमतें. उलट जोडीचें जमत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या मुलांस सांगितलें. ज्यानें तो प्रश्न केला होता तो ऐकून म्हणाला, "म्हणजे बाहेर जाऊन पाहूं." दुसऱ्या एका नदीवर ते पहांटे साडेचारास जाऊन बसले. आजीस त्यानें दूरध्वनीवरून विचारलें कीं, तूं पाण्यास नेमकी केव्हां जात होतीस? ती म्हणाली, "झुंजुमुंजू व्हायच्या वेळीं. तांबडें फुटायच्या आंत मी घरीं. ऊन यायचें तोंवर भाकरी झालेल्या असायच्या."

चूक तेथें होती. त्या गोष्टींत सूर्य नव्हताच! मुलांनीं मोठ्या कौशल्यानें जो लावला होता तोच काढून टाकावयाचा होता. आपल्या भाषेंत पहांट, झुंजुमुंजू, तांबडें फुटणें, फटफटणें, उजाडणें अशा उजेडाच्या पायऱ्या आहेत, आणि घरांतील बायकांचीं कामें त्या पायऱ्यांवर वांटलेलीं असत. मुलांस हे शब्द ठाऊक होते. पण प्रत्येक शब्दामागें एक निराळा उजेड आहे, हें त्यांस कोणीं दाखविलें नव्हतें. आणि त्यांत त्यांचा दोष तो किती? आम्हीही त्यांना शब्द शिकविले, पण नदीवर कधीं नेलें नाहीं.

गंमत अशी कीं, शास्त्राच्या इतिहासांतही नेमकी हीच जागा उशिरां भरली गेली. १९९९ व २०१२ चीं तीं दोन्ही सूत्रें सूर्य क्षितिजावर असतांनाच चालतात. प्रागच्या मंडळींनीं २०२१ सालीं केलेलें नवें सूत्र सूर्य क्षितिजाखालीं सुमारें चार अंश असेपर्यंत मागें जातें. त्याहूनही विलक्षण गोष्ट म्हणजे, सूर्य क्षितिजाखालीं असतां माथ्यावरचें आकाश जें निळें दिसतें तें मुख्यतः रॅलेच्या नियमानें नव्हे. उंचावरील ओझोन वायु पिवळा-नारिंगी प्रकाश गिळतो, त्यामुळें तें निळें राहतें. हें एडवर्ड हल्बर्टनें १९५३ सालीं दाखवून दिलें. म्हणजे आजी ज्या निळाईंत कळशी भरीत होती ती दुपारच्या निळाईची बहीणही नव्हे.

चित्र नव्यानें झालें. त्यांत आतां ऊन नाहीं. झाडांच्या शिरा दिसत नाहींत. सगळी आमराई एका निळसर करड्या पुंजक्यांत मिसळली आहे, आणि उजळ असें फक्त पाणी आहे, कारण पाण्यांत आकाश आहे. एवढी घडविलेलीं पानें काळोखांत घालवितांना मुलांस वाईट वाटलें असलें पाहिजे. आजीनें तें दोनदां पाहिलें. बरें आहे कीं वाईट, हें ती बोलली नाहीं. मुलगी पाण्यांत उतरते तेथें ती एवढेंच म्हणाली, "तिथें नको, तिथें पाय घसरतो."